कै. रघूविषयी दोन शब्द

भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये गेल्या एकतीस वर्षांत एकही वाईट माणूस मेलेला नाही, आणि याचं सगळं श्रेय सावळारामला जातं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की कोणीतरी डोळ्याने खूण करायचं आणि सावळाराम उठून गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलायचा. दोन शब्द म्हणजे वीस मिनिटं. ज्याने सख्ख्या भावाचा बांध कोरला तो त्या वीस मिनिटांत ‘जमिनीवर जीव असलेला’ व्हायचा, दारुडा ‘मोकळ्या मनाचा’ व्हायचा, आणि ज्याच्याविषयी अगदीच काही सापडत नसे तो ‘शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत होता’. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आपल्याला इतका चांगला नवरा होता हे पुष्कळ जणींना दहाव्यालाच कळायचं.

सावळाराम उमेदीत भिवंडीत जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, लावून देणारा. लूमच्या खडखडाटात सव्वीस वर्षं बोलून त्याचा आवाज असा झाला होता की त्याच्या कार्यक्रमाला माईकवाल्याला फक्त चहा प्यायचं काम उरे. बोलण्याची त्याची पद्धतही जॉबरची होती. आधी मयताच्या घरी जायचं आणि चार प्रश्न विचारायचे: काय आवडीने खायचा, कोणाशी भांडला, कुठलं काम अर्धं राहिलं आणि जाताना काय बोलला. ‘येवढ्यात मानूस सापडतं,’ तो म्हणायचा. ‘बाकीचं गावाला म्हायतीच असतं, ते बोलायचं नसतं.’

असा हा सावळाराम एकाहत्तराव्या वर्षी हळूहळू बंद पडत गेला. सुका जवळा समोर आला की ज्याला भाकरीचा हिशेब राहत नसे, तो ताटात बोट फिरवून उठू लागला. अंघोळीला चार वेळा सांगावं लागे. पहाटे तीनला जागा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा. नात रुचिका शाळेतलं काही सांगायला लागली की तिच्याकडे बघून मान हलवायचा, पण ती हसली कधी आणि रुसली कधी हे त्याला कळत नसे. परसातल्या विहिरीचा कठडा त्याने स्वतः बांधायला घेतला होता. त्याची एक बाजू तशीच उघडी राहिली. सिमेंटच्या दोन गोणी दगड झाल्या. संध्याकाळचा तो त्या उघड्या बाजूला जाऊन बसायचा.

घरच्यांनी काळजी घेतली नाही असं कोणी म्हणू नये. गुडघे दुखतात म्हणाला तेव्हा गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवलं. पोटात गॅस होतो म्हणाला तेव्हा पोटाच्या. मुलगा हरेश त्याला घेऊन शुगर तपासून आला. ती बरी निघाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं, सावळाराम सोडून.

मग मोरूशेठ वारले. मोरूशेठचे चार गोडाऊन होते, त्यामुळे दहाव्याला मंडप होता, खुर्च्या होत्या आणि सावळारामसाठी शाल आणून ठेवलेली होती. खूण झाली. सावळाराम उठला, फोटोकडे बघत बराच वेळ उभा राहिला. लोकांना वाटलं, आता सुरू होईल. तो म्हणाला, “मोरूशेठ गेले. सुटले.” आणि खाली बसला.

मंडपात एकदम पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मोरूशेठच्या मुलांना वाटलं, ‘गाव सुटलं’ असं म्हणायचंय. भावकीला वाटलं, मुलं सुटली असं म्हणायचंय. मोरूशेठच्या बायकोला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. हरेशने दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली आणि येताना शाल घेऊन आला, कारण ती आणलेलीच होती. दीड वर्ष बाप जेवत नव्हता, झोपत नव्हता, त्याचं घराला एवढं काही वाटलं नव्हतं. पण बाप दहाव्याला वीस मिनिटं बोलला नाही म्हटल्यावर आता काहीतरी केलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

सून हेमाली शिकलेली होती आणि तिला सरळ बोलायची वाईट सवय होती. ती म्हणाली, “बाबा, हा मनाचा आजार असतो. डिप्रेशन. या वयात खूप जणांना होतो. त्याचे डॉक्टर असतात. आपण जाऊ.”

सावळारामने तिच्याकडे पाहिलं. “म्हंजे मना ठाण्याला नेताव?”

आता हे भिवंडीच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. ठाण्याला आमच्याकडचे लोक रोज जातात. कोर्टात जातात, लग्नाचं कापड घ्यायला जातात, तलावपाळीवर पाय मोकळे करायला जातात. पण माणूस ठाण्याला जातो ते वेगळं आणि त्याला ठाण्याला नेतात ते वेगळं. नेतात ते एकाच ठिकाणी, वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथली भिंत उंच आहे. राहनाळमध्ये ‘त्याला ठाण्याला नेला’ एवढं वाक्य पुरतं. पुढे त्याच्या घरी सोयरीक करायला कोणी येत नाही.

“ठाण्याला नाही, बाबा. इथेच, धामणकर नाक्याला डॉक्टर आहेत.”

“नाक्याला ठाण्याची शाखा निघाली काय?” सावळाराम म्हणाला, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलायचा बंद झाला. आधीही फारसा बोलत नव्हता, म्हणून हेमालीला हे आठवड्याने कळलं.

रंगूबाईने, म्हणजे सावळारामच्या बायकोने, यातलं काहीच मनावर घेतलं नाही असं वरून दिसत होतं. ती भांडी घासत राहिली. मग एका दुपारी ती लडकूकडे गेली.

लडकू हा सावळारामचा पाचव्या वर्षापासूनचा दोस्त. दोघं खाडीत एकत्र पोहायला शिकले, एकत्र नापास झाले, आणि एकाने लूम धरले तेव्हा दुसऱ्याने रिक्षा धरली. सावळारामने ज्याच्यापुढे कधी काही झाकलं नाही असा जगात एकच माणूस होता आणि तो लडकू. म्हणूनच रंगूबाई त्याच्याकडे गेली. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी लडकू तोंड पाडून सावळारामच्या ओटीवर येऊन बसला.

“सावळ्या, माझ्या मेव्हनीचा दीर वारला.”

“कवा?”

“आठ दिस झाले. नाक्याला राहायचा. परवा दहावा हाय. तुना बोलाया बोलवलाय.”

“मना आता न्हाय जमत, लडक्या. दुसरा बघ.”

“दुसरा कोन? गरीब मानूस होता. त्याच्याविषयी बोलाया कोनीच न्हाय. भटजी दोन मंत्र बोलंल न झाला.”

एकतीस वर्षांत सावळारामने कोणत्याही मेलेल्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. जिवंत माणसांची गोष्ट वेगळी.

“नाव काय?” त्याने विचारलं.

“रघू,” लडकू म्हणाला. हे नाव त्याला रिक्षा लावताना सुचलं होतं. पण पुढचं काही सुचवून ठेवायचं असतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“काय आवडीनं खायचा?”

लडकूने ओटीच्या खांबाकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. “जवला,” तो म्हणाला. “सुका.”

“कोनाशी भांडला?”

“भावाशी. फनसाच्या झाडावरनं.”

“काम कनचं अर्धा राहिला?”

“विहिरीचा… न्हाय, पान्याच्या टाकीचा कठडा. बांधाया घेतलेला. राहिला.”

“टाकीला कठडा कशाला?”

“म्हनूनच राहिला,” लडकू म्हणाला.

“जाताना काय बोलला?”

“काय न्हाय बोलला. गप गप असायचा.”

एवढ्यावर कोणीही ओळखलं असतं. सावळाराम स्वतः फणसाच्या झाडावरून धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हता. पण त्याला ओळख पटली नाही, कारण त्या दिवसांत स्वतःविषयी त्याच्याकडे फारशी माहिती उरलेली नव्हती. तो नुसता म्हणाला, “हा मानूस जित्ता असताना मना भेटाया पायजे होता.”

लडकू उठला आणि चहा न घेता गेला.

दोन दिवस सावळाराम लिहीत होता. रुचिकाच्या वहीतले चार कागद त्याने मागून घेतले. तोंडाने पुटपुटायचा, खोडायचा, परत लिहायचा. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता अंघोळ केली. दाढी केली. रंगूबाई त्याचा सदरा इस्त्री करत होती, तिने एकदा तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याने विचारलं, “रंगू, ‘अबोल’ बरा की ‘मितभाषी’?” आणि तिने तोंड मिटलं. “अबोल,” ती म्हणाली. इस्त्री जरा जास्त वेळ एका जागी राहिली, पण डाग आतल्या बाजूला पडला.

दहाव्याच्या सकाळी लडकूने रिक्षा आणली. नाक्यावर नेहमीसारखीच गर्दी होती. सूटिंग-शर्टिंगच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं.

“विधी वरती हाय?” सावळारामने विचारलं.

“विधी सकालीच घाटावर झाला,” रंगूबाई म्हणाली. “वरती निस्ता बोलायचाच कार्यक्रम हाय.” ती इतक्या सहज म्हणाली की लडकूनेसुद्धा तिच्याकडे वळून पाहिलं.

वर एक लांबट खोली होती. भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर दहा-बारा माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एक बाई नाकाला रुमाल लावून बसली होती. एक म्हातारा जमिनीकडे बघत होता. लूमवर काम करणारा वाटावा असा, कपड्यांवर सुताचा कोंडा असलेला एक माणूस दोन्ही हात मांड्यांमध्ये धरून बसला होता. समोरच्या भिंतीवर चष्म्यातल्या गृहस्थाचा मोठा फोटो आणि त्याला चंदनाचा हार.

सावळारामने चप्पल काढली आणि फोटोला हात जोडले. रघू त्याला वाटला होता त्यापेक्षा शिकलेला दिसत होता. एकाही पुरुषाने मुंडण केलेलं नव्हतं, पण शहरात हल्ली करत नाहीत. चेहरे मात्र सगळ्यांचे खरे होते. इतकं मनापासून दुःख झालेली माणसं त्याने मोरूशेठच्याच काय, कोणाच्याच दहाव्याला पाहिली नव्हती. गरीब माणसाने माणसं बरी जोडली होती, असं त्याला वाटलं.

रंगूबाई टेबलामागच्या मुलीशी काहीतरी हळू बोलून आली. सावळारामने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो स्वतः त्या मुलीकडे गेला.

“चालू कवा करायचा?”

“मॅडम अजून आत आहेत, काका. बसा. बोलावते.”

मॅडम म्हणजे नगरसेविका असणार हे त्याने ओळखलं. पुढारी आल्याशिवाय श्रद्धांजली सुरू होत नाही हा प्रकार त्याने पुष्कळ पाहिला होता आणि कधीच चालू दिला नव्हता. तो खोलीच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला आणि खिशातून कागद काढले. लडकू झटक्यात उठला. रंगूबाईने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

“जमलेल्या माझ्या बंधूंनो न भगिनींनो,” सावळाराम म्हणाला. खालच्या दुकानातला माणूस वर बघायला लागला असणार, इतका तो आवाज जुन्यासारखा होता. “रघू मना कधी भेटला न्हाय. पन मी त्याला वलखतो. रघूला सुका जवला आवडायचा. मग एक दिस जवल्याची चव गेली. त्यानं बायकोला सांगितला न्हाय, कारन जवला तिनं केलेला. मग झोप गेली. मग नातीचा बोलनं रस्त्याच्या पलीकडनं आल्यासारखा ऐकू यायला लागला. कोनी विचारला, रघू, काय होतंय, तर तो बोलायचा, गुडघा दुखतो. कारन गुडघा दाखवता येतो.”

नाकाला रुमाल लावलेल्या बाईने रुमाल खाली घेतला.

“रघूच्या घरात सगली चांगली मानसं होती. म्हनूनच त्याला काय सांगता येईना. वाईट असती तर त्यांच्यावर ढकलला असता. त्यानं भावाशी भांडन केला, त्याचासुद्धा त्याला शेवटी राग येईना. झाड फनसाचा हाय का आंब्याचा, त्याला आठवेना. लोक बोलतील, रघू अबोल होता. अबोल नव्हता. बोलाया जायाचा तवा आतमधी कोनीच नसायचा.” इथे त्याने कागद पालटला. “मी लिवलेला, रघू सुटला. मग खोडला. रघूला सुटायचा नव्हता. त्याला झोपायचा होता. या दोन्हीत काय फरक हाय, ते त्याला कोन विचारायलाच आला न्हाय. म्हनून तो गेला. देव त्याच्या आत्म्याला झोप देवो.”

त्याने हात जोडले. मग लूमवाल्या माणसाने मांड्यांतले हात बाहेर काढले आणि विचारलं, “चाचा, ये रघू कौन थे? हमारा पूरा हाल बोल दिया आपने.”

आतल्या खोलीचं दार उघडून एक तरुण बाई केव्हाची चौकटीत उभी होती. तिने टेबलामागच्या मुलीला मान हलवली, आणि ती मुलगी नेमून दिलेलं काम करत असल्यासारखी वहीतून वाचून म्हणाली, “चार नंबर. सावळाराम, राहनाळ.”

सावळारामने आधी फोटोकडे पाहिलं. “ह्यो कोन?”

“मॅडमचे सर. त्यांना शिकवलेले. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली.”

“मग रघू?”

“रघू कोण?” मुलगी म्हणाली.

तो लडकूकडे वळला. लडकू कूलरकडे बघत होता. कूलर बंद होता.

“लडक्या. रघू कोन?”

“न्हाय,” लडकू म्हणाला.

“न्हाय म्हंजे मेला न्हाय?”

“म्हंजे झालाच न्हाय.”

सावळारामने हातातले कागद परत उलगडले आणि पहिल्यापासून वाचायला लागला. जवळा. भाऊ. फणस. कठडा. जॉबर लूमखाली वाकून बघतो तसा तो वाकून वाचत होता. वाचून झाल्यावर कागदांची घडी केली.

“ह्यो मीच हाय.”

“मना दुसरा कोन सुचंना,” लडकू म्हणाला. “तू असा पटापट विचारलंस.”

“पासष्टच्या वर वर्सं झाली दोस्तीला,” सावळाराम म्हणाला. आवाज आता लूमचा नव्हता, साधा होता. “हरेशनं केला असता तर बोललो असतो, पोर हाय. सुनेनं तर तोंडावर सांगितला, तिचा ऐकला न्हाय मी. आन् तुमी दोघांनी. मना पांढरा सदरा घालून माझ्याच दहाव्याला आनला. भाषान पन माझ्याकडनंच करून घेतला.”

आणि तो चपला घालायला लागला. एका पायात डावी गेली, दुसऱ्यात कोणाची तरी दुसरीच जात होती. लडकूने पुढे होऊन खरी सरकवली, तर त्याने ती घातली नाही.

रंगूबाई जागेवरून उठली नाही. “जा,” ती म्हणाली. “पन कशापायी खोटं बोलले ते ऐकून जा. मोरूशेटच्या मंडपात तुमी ‘सुटले’ बोललाव. गावाला वाटला मोरूशेटला नाव ठेवला. मी समोर बसलेली. मी तुमचा तोंड बघितला. मोरूशेटचा हेवा करत होताव तुमी. त्या दिसापासनं तुमी विहिरीवर बसताव तवा मी परसात एकच भांडं घासते. अंधार पडेपर्यंत. तला गेला त्या भांड्याचा.”

सावळाराम एक चप्पल घालून उभा राहिला. जिना तीन पावलांवर होता. लडकूला काही म्हणण्याचा हक्क उरला नव्हता.

दारातल्या बाई म्हणाल्या, “काका, मी डॉक्टर रीमा. तुमच्याबद्दल मी काही विचारत नाही. पण त्या रघूबद्दल मला अजून थोडं हवंय. तुमच्याइतकी माहिती कोणाकडे नाही.”

“रघू न्हायच हाय.”

“असे माझ्याकडे रोज आठ-दहा येतात.”

सावळारामने पायातली ती एक चप्पलही काढली. “रघूविषयी इचारायचा. माझ्याविषयी न्हाय,” तो म्हणाला आणि आत गेला.

आत अर्धा तास लागला. डॉक्टरांनी रघूची झोप विचारली, भूक विचारली, वजन उतरलं होतं का, गोष्टी विसरायचा का, आधी कधी असं झालं होतं का, इतर कुठल्या गोळ्या चालू होत्या. सावळाराम रघूच्या वतीने नीट उत्तरं देत होता, साक्षीदार देतो तशी.

“त्याला मरून जावंसं वाटायचं का?”

“वाटायचा.”

“त्याने काही ठरवलं होतं?”

“ठरवला न्हाय. विहिरीच्या उघड्या बाजूला जाऊन बसायचा. पानी बघायचा. वाटायचा, आपन नसलो तर हे सगले…” तो थांबला. “मग मना भांड्याचा आवाज यायचा परसात. मी उठायचो.”

रघू तिथे संपला हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही ते दाखवलं नाही. डॉक्टरांनी फक्त लिहायचं थांबवलं.

“आत्ता राग आलाय?” त्यांनी विचारलं.

“आलाय.”

“याआधी कधी आला होता?”

सावळाराम मागे मागे आठवत गेला. सुनेशी बोलणं बंद केलं तेव्हासुद्धा राग आला नव्हता; बोलायचा कंटाळा आला होता आणि निमित्त मिळालं होतं. “न्हाय आठवत,” तो म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. ज्या रागापायी माणसाने चार पंच बोलवून न्याय मागावा, तो डॉक्टरीण बाईने सुधारणेच्या रकान्यात टाकला, हे त्याला उलट्या बाजूने वाचता आलं.

मग त्यांनी सांगितलं की हा आजारच आहे, म्हातारपण नव्हे. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा गुडघ्यातून आणि पोटातून बोलतो, त्यामुळे सगळे गुडघ्याला आणि पोटाला औषध देत बसतात. रक्ताच्या काही तपासण्या करायच्या, कारण थायरॉइडने किंवा जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असं होतं. एक गोळी रोज, लहान डोसची. ती लगेच काम करत नाही. तीन-चार आठवडे काहीच झालं नाही असं वाटेल, तरी सोडायची नाही. आठ दिवसांनी परत यायचं, बोलायला. आणि ती विहिरीची उघडी बाजू आजच्या आज बंद करून घ्यायची, फळ्या ठोकून का होईना.

“आणि ठाण्याला?” सावळारामने विचारलं.

“ठाण्याला काय आहे?”

“काय न्हाय.”

“गोळ्या सध्या तुमच्याजवळ ठेवायच्या नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “घरातलं कोणीतरी रोज एक काढून देईल. आणि विहिरीबद्दल तुम्ही मला सांगितलंत, ते त्या माणसालाही माहीत असायला हवं. तुमचा विश्वास कोणावर आहे?”

सावळारामने टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. “व्हता दोघांवर,” तो म्हणाला. “बाहेर बसलेत.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“हिला बोलवा,” शेवटी तो म्हणाला. “माझ्या बायकोला.”

“म्हणजे त्यांच्यावर विश्वास आहे.”

“न्हाय. विश्वास संपला. पन दोन दिस ती माझ्या शेजारी बसून मेलेल्या मानसाचा सदरा इस्तरी करत होती न तिच्या तोंडावरची माशी हालली न्हाय. गावाला हे कलू द्यायचा नसंल तर असाच मानूस पायजे. लडक्याला नका सांगू. त्याला खोटा बोलता येत न्हाय, बघितलाव ना तुमी.”

रंगूबाई आत आली, सगळं ऐकून घेतलं, गोळी जेवणाआधी की नंतर एवढंच विचारलं. त्याच्याकडे तिने बघितलं नाही आणि त्यानेही तिच्याकडे बघितलं नाही. लूमवाला माणूस पुढचा नंबर होता. जाताना त्याने सावळारामला वाट करून दिली, मोठ्या माणसाला देतात तशी.

खाली लडकू रिक्षा चालू करून उभा होता. मागची सीट त्याने फडक्याने पुसून ठेवली होती. सावळाराम त्या रिक्षेवरून तसाच पुढे गेला, नाक्यावरच्या शेअर रिक्षांच्या रांगेत शिरला आणि राहनाळच्या एका भरत आलेल्या रिक्षेत आत सरकून बसला. रंगूबाई लडकूकडे एकदा बघून त्याच्या मागोमाग आली.

लडकूने रिकामी रिक्षा मागे लावली. नाक्यापासून तो त्यांच्या मागेच होता. ट्रक मध्ये घुसला की तो दिसेनासा व्हायचा आणि ट्रक वळला की परत दिसायचा. अंजूरफाट्याला गाडी थांबली तेव्हा तो बरोबरीला आला, हँडलवर हात ठेवून समोर बघत बसला. रस्त्यात दोन जणांनी हात केला, त्याने कोणाला घेतलं नाही.

कडेला बसलेल्या माणसाला हा प्रकार दिसला. “काका, तो रिक्षावाला नाक्यापासनं आपल्या मागे हाय,” तो म्हणाला. “तुमच्या वलखीचा हाय काय?”

“व्हता,” सावळाराम म्हणाला.

आणि तो खाडीकडे बघायला लागला. रंगूबाईने गोळ्यांची पिशवी पदराखाली घेतली, आणि तो माणूस पुढे काही विचारायच्या आत त्यालाच विचारलं, तो कुठे उतरणार.